गावच्या पाटीवर आकडा आहे, नावं नाहीत: प्रदर्शनात फोटो कुठले लावायचे?

प्रश्न थोडक्यात असा. खेड तालुक्यातल्या एका गावात शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. गावातली तरुण मंडळी येत्या मे महिन्यात, चाकरमानी गावी असताना, शाळेत प्रदर्शन मांडणार आहेत. त्यासाठी इंटरनेटवरून हिंदी सैनिकांचे फोटो उतरवून घेतलेत, काही रंगीत करून घेतलेत. एका घरात पणजोबांचा गणवेशातला मोठा फोटोही आहे. विचारणा अशी की यांतले कुठले फोटो फ्लेक्सवर घ्यावेत, आमची माणसं त्यांत ओळखता येतील का, आणि ज्यांचा फोटोच नाही त्यांचं चित्र एखाद्या चित्रकाराकडून काढून घ्यावं का.

मी चिपळुणात जुन्या फोटोंच्या दुरुस्तीचं आणि नकला काढण्याचं काम करतो. खेड, दापोली, मंडणगड, गुहागर या बाजूच्या पलटणीतल्या घरांचे फोटो बरीच वर्षं हाताखालून जातायत, आणि अशी प्रदर्शनं मांडायलाही मदत केली आहे. तेव्हा आधी सरळ सांगतो. तुम्ही उतरवून घेतलेल्या फोटोंत तुमच्या गावचा माणूस असण्याची शक्यता फार कमी आहे. ते लावूच नका असं माझं म्हणणं नाही, पण त्यांच्यावर प्रदर्शन उभं करू नका. तुमची अडचण दिसते फोटोंची, पण आहे नावांची. नाव सापडलं तर फोटोशिवायही माणूस उभा राहतो. नाव नसलेला फोटो कितीही मोठा छापा, बघणारा "फेटा काय मस्त आहे" म्हणून पुढे जातो.

शक्यता कमी का, ते समजून घ्या, कारण तेच तुमच्या प्रदर्शनाचं पहिलं पान होऊ शकेल. इंटरनेटवर फिरणारे हिंदी सैनिकांचे बरेचसे फोटो फ्रान्समधले आहेत, १९१४-१५ चे. त्यांतले पुष्कळसे हिल्टन गिर्डवुड या छायाचित्रकाराने १९१५ च्या उन्हाळ्यात काढलेले. हिंदी फौजेचे फोटो काढायला त्याला अधिकृतपणे पाठवलं होतं आणि त्याचा संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. फोटो सुंदर आहेत यात शंका नाही. पण खंदकातून उडी मारून चाल करून जाणारे गुरखे वगैरे जे दिसतात, ती दृश्यं आघाडीच्या मागे, सुरक्षित जागी, कॅमेऱ्यासाठी घडवून आणलेली आहेत. हे फोटो इंग्लंडच्या आणि हिंदुस्थानच्या लोकांना साम्राज्याची एकजूट दाखवण्यासाठी होते. त्यामुळे त्यात शीख, गुरखे, पठाण, भालाईत घोडेस्वार जास्त दिसतात, कारण विलायतेतल्या वाचकाला "हिंदी सैनिक" म्हणून तेच चेहरे हवे होते. आपला काळासावळा, बेताच्या उंचीचा कोकणी शिपाई त्या चौकटीत फारसा बसत नव्हता.

दुसरं म्हणजे तो तिथे फारसा नव्हताही. फ्रान्समध्ये मराठे होते, पण थोडे. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे पूल-खंदकांचं काम करणाऱ्या पलटणीच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावावर चढाई केली, त्यांत मराठे होते. १०७ पायोनियर्समध्येही होते. पण कोकणातल्या भरतीचा मोठा भाग ज्या पलटणींत होता, म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी, त्यांचं युद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात झालं. आजचा इराक. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून "बसऱ्याला गेलेला" असंच येतं. यांतल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. तीच डिव्हिजन डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली.

मेसोपोटेमियात अधिकृत छायाचित्रकार पोचला तो युद्धाच्या उत्तरार्धात. एरियल व्हार्जेस त्याचं नाव, त्याचे फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. त्याआधीचं जे आहे ते बहुतेक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खासगी कॅमेऱ्यांतलं. अशा अल्बमांत तंबू असतो, नदीतली आगबोट असते, खजुराची झाडं असतात, साहेबाचं कुत्रं असतं. कुत्र्याचं नाव खाली लिहिलेलं आणि शेजारी उभ्या अर्दलीचं नाही, अशी पानं मी पाहिली आहेत. साहेब वाईट होता असं मला त्यातून म्हणायचं नाही. फोटो कोण काढतो आणि कोणाला दाखवण्यासाठी काढतो, यावर त्यात कोणाला नाव मिळणार हे ठरतं, एवढंच.

हीच गोष्ट दगडातही झाली. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्यांसाठी १९२९ साली बसरा स्मारक उभं राहिलं. चाळीस हजारांहून जास्त माणसांचं स्मारक. गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर कोरलं. हिंदी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि बाकी शिपायांचा पलटणवार आकडा लिहिला. तुमच्या शाळेतली पाटी आणि बसऱ्याची भिंत एकाच विचाराने घडलेली आहे. युद्धातल्या मृतांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून मान्य केलं की हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत स्मरणात भेदभाव झाला. किमान ४५ ते ५४ हजार लोकांना असमान वागणूक मिळाली आणि त्याखेरीज लाखाच्या वर माणसांची नावं कोरलीच गेली नाहीत, असा त्यांचा अंदाज आहे. प्रदर्शनात पाटीचा मोठा फोटो लावा आणि शेजारी हा मजकूर लिहा. गावकऱ्यांना रोजच्या दगडाकडे बघायला कारण मिळेल.

आता नावं. दगडावर नसली तरी कागदावर बरीच आहेत. त्याच कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी शोधता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७, या दोन काळांतले मृत्यू त्यात आहेत. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे. पण शोधायची युक्ती माहीत नसली तर हाती काही लागत नाही आणि माणूस "आमचं काहीच नाही तिथे" म्हणून सोडून देतो.

आडनावावरून सुरुवात करू नका. पलटणीच्या कारकुनाने ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलं, त्यामुळे जाधवचं जादव किंवा जादो होतं, चव्हाणचं चवान, पवारचं पोवार. जिल्हा आणि तालुका धरून शोधा, आणि तोही त्या काळचा. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला. रायगडचं नाव कुलाबा होतं. मंडणगड हा दापोली तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता आणि गुहागर चिपळूणचा. म्हणजे गुहागरकडचा माणूस चिपळूणच्या नावावर सापडू शकतो. सावंतवाडी संस्थान असल्यामुळे तिथली माणसं वेगळीच नोंदली गेलीत. तुमचा खेड तालुका मात्र तेव्हाही खेडच होता, हे तुमचं नशीब. फक्त पुणे जिल्ह्यातही खेड आहे, तेव्हा जिल्हा बघितल्याशिवाय कोणाला आपला म्हणू नका. गावाचं नाव ओळखू येईना तर मोठ्याने वाचा. डोळ्यांना न कळलेलं स्पेलिंग कधीकधी कानाला कळतं.

या यादीत फक्त मेलेले आहेत. पाटीवरचा पहिला आकडा गेलेल्यांचा आहे आणि त्यांतले बरेच परत आले असणार. त्यांच्यासाठी घरंच धुंडाळावी लागतील. कधीमधी बातमी येते की लाहोरच्या संग्रहालयात महायुद्धातल्या सैनिकांच्या नोंदवह्या सापडल्या, तीन लाखांच्या वर नावं आहेत. ती सगळी पंजाबची आहेत, त्यात वेळ घालवू नका. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला मात्र पत्र जरूर लिहा. पण पलटण आणि नंबर दिल्याशिवाय कोणतंही रेकॉर्ड ऑफिस काही सांगू शकत नाही. तो नंबर तुमच्याच गावात असतो, पदकाच्या कडेवर. पहिल्या युद्धातली गोल चांदीची आणि पितळी रंगाची पदकं हातात घेऊन कड उन्हात फिरवा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं ठसवलेलं असतं. ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर मागच्या सपाट बाजूवर बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या ताऱ्यांवर विलायती शिपायाचं नाव नसे, पण हिंदी सैन्याने आपल्या लोकांची नावं ठसवून दिली होती. ब्रासो, चिंच, राख यांपैकी काहीही पदकाला लावू नका. कडेवरची अक्षरं उथळ असतात, घासून जातात. पुष्कळ घरांत चांदीचं पदक मोडून मुलीच्या पैंजणात गेलेलं असतं आणि पितळी तेवढं राहतं. तेही चालतं, नंबर त्यावरही आहे.

डिस्चार्जचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्यावर बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असं लिहिलेलं असतं. ज्या माणसाचा फोटो नाही त्याचं वर्णन म्हणून मी तोच कागद मोठा करून लावतो. "डाव्या भुवईवर व्रण" हे वाचताना लोक जितके थांबतात, तितके रंगीत फोटोसमोर थांबत नाहीत.

आता घरातल्या फोटोकडे येतो, कारण तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं तेच आहे. कोकणात माजघराच्या दारावर लावलेले हे मोठे फोटो बहुतेक एन्लार्जमेंट असतात. मूळ फोटो लहान, पोस्टकार्डाएवढा किंवा चारजणांतला एक, आणि त्यावरून मुंबईच्या एखाद्या स्टुडिओत मोठी प्रत केलेली. ती प्रत फिकी निघायची, म्हणून कारागीर तिच्यावर पेन्सिल, कोळसा, ब्रश यांनी काम करायचा. डोळे, मिशी, कोटाची बटणं पुष्कळदा हाताने काढलेली असतात. घरच्यांनी सांगितलं म्हणून छातीवर पदकं चढवलेली असतात आणि खांद्यावरचा नंबर मात्र पुसट म्हणून रंगाखाली गेलेला असतो. म्हणजे तुमच्या पणजोबांचा फोटो अर्धा फोटो आहे आणि अर्धं चित्र. त्यात कमीपणा काही नाही. गावातल्या युद्धचित्रकलेचा तोच खरा नमुना आहे. लंडनच्या संग्रहालयात अधिकृत चित्रकारांची चित्रं आहेत, आपल्या माजघरात गिरगावातल्या कुठल्यातरी कारागिराचं आहे. तसं लिहूनच लावा.

फोटो वाचायचा कसा? भिंग घेऊन आधी खांदा बघा. तीन आकडी पलटण नंबर दिसला तर फोटो १९२२ च्या आधीच्या रचनेतला, कारण त्या साली या सगळ्या पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट झाली. मग पट्टे, दंडावरच्या फिती, पदकांच्या रिबिनी. पाठीमागची कमान, झाडं, जिना हे स्टुडिओचे पडदे, त्यावरून देश ओळखायला जाऊ नका. फ्रेम उलटी करून बघाच. फळीच्या आत धूळ येऊ नये म्हणून जुन्या वर्तमानपत्राचा कागद घातलेला असतो आणि त्यावर तारीख सापडते. ती फोटोची तारीख नव्हे, फ्रेम केल्याची. तरी फोटो त्याच्या आधीचा एवढं नक्की होतं.

काच काढायची घाई करू नका. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणाने फोटोचा पृष्ठभाग काचेला चिकटलेला असतो. ओढलात तर चेहरा काचेवर येतो आणि कागद हातात राहतो. काचेसकट नक्कल घ्या. पडवीत उन्हाबाहेर पण भरपूर उजेडात फ्रेम उभी करा, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा म्हणजे चकाकी जाते. मोबाइल चालेल, फ्लॅश नको, ब्यूटी मोड तर अजिबात नको. सुटे लहान फोटो असतील तर स्कॅनरवर ६०० डीपीआयला टिफ करा आणि मागची बाजूही स्कॅन करा. मागे शिक्का, तारीख, कधी चार ओळी असतात. बुरशीवर ओलं फडकं फिरवू नका, कोरड्या मऊ ब्रशाने झटका. कसर लागलेली फळी बदला. मूळ फोटो प्रदर्शनात ठेवूच नका, प्रत लावा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये घरंच्या घरं पाण्याखाली गेली आणि कित्येकांचे भिंतीवरचे फोटो चिखलात गेले. ज्यांच्या नकला दुसरीकडे होत्या त्यांचे तेवढे राहिले.

रंगीत केलेल्या फोटोंबद्दल माझं मत तुम्हाला कडू लागेल. ते काढून टाका. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या बहुतेक प्लेटांना लाल रंग दिसत नसे. लाल जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिका, पांढरट. संगणक हे जाणत नाही. तो काळ्याचं काळं करतो आणि फिक्याला पांढरं समजतो. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या पदकाची रिबीन मध्ये नारिंगी, कडेला निळी. फोटोत नारिंगी गडद आणि निळा फिका पडतो, आणि रंगवताना सगळी रिबीन भलतीच होते. त्याहून वाईट म्हणजे कातडीचा रंग. ही यंत्रं आपल्या शिपायांना बहुधा एकाच गव्हाळ छटेत बुडवतात. रंग हवाच असेल तर पदकाच्या खऱ्या रिबिनीचा ताजा फोटो शेजारी लावा. मुलांना तोच जास्त आवडतो.

बाहेरचे फोटो कोणते घ्यावेत हे तुमच्या जागेवर आणि माणसं किती सापडतात यावर अवलंबून आहे. सात-आठ नावं पक्की झाली तर बाहेरचे तीन-चार फोटो पुरेत. एकही नाव सापडलं नाही तर थोडे जास्त लागतील. मी निवडताना आधी ठिकाण बघतो: टायग्रिस, बसऱ्याची गोदी, कुत, बगदाद. सरदारी फेट्यापेक्षा मला ओझी वाहणारे, पूल बांधणारे, जखमींना बोटीवर चढवणारे जास्त उपयोगी वाटतात. फ्रान्सचा एखादा गिर्डवुड घ्या, पण खाली स्पष्ट लिहा की हे दृश्य कॅमेऱ्यासाठी घडवलेलं आहे आणि यात आपल्या गावचं कोणी नाही. फोटोखालच्या ओळीत चार गोष्टी हव्यात: कुठे, कधी, कोणी काढला, आणि फोटोतल्या माणसांची नावं नोंदली होती की नाही. "आपल्या गावचे वीर" असं त्यावर लिहायचं नाही, भले शेजारच्या गावाने लिहिलं असेल.

हक्कांची फार चिंता नको. ब्रिटिश सरकारने काढलेल्या तेव्हाच्या फोटोंवरच्या कॉपीराइटची मुदत संपलेली आहे. इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संकेतस्थळावरचे लहान आकाराचे फोटो बिनव्यापारी कामाला त्यांच्या अटींवर वापरता येतात, श्रेय द्यावं लागतं. मोठी फाइल हवी असेल तर पैसे पडतात, आणि शाळेच्या वर्गात तिची गरज नसते.

एका फोटोबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तो तुमच्या संग्रहात असणारच. कुतच्या वेढ्यातून वाचलेल्या, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा अवस्थेतल्या हिंदी शिपायाचा. वेढ्यात धान्य संपलं, घोडे मारून खाण्याची वेळ आली, आणि हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी फार दिवस ते मांस घेतलं नाही. स्कर्व्हीने माणसं वाळली. शरणागतीनंतर काही आजारी कैद्यांची अदलाबदल झाली, त्यांतला हा. तो फोटो पुरावा म्हणून काढलेला आहे आणि त्या माणसाचं नाव आपल्यासमोर नाही. मराठा पलटणीतला असेलही, नसेलही. मी तो दारात लावू देत नाही. लावायचा तर कुतची हकीकत जिथे सांगाल तिथे, लहान आकारात, आणि ज्या घरातला माणूस कुतमध्ये होता त्या घराला आधी विचारून. लोकांना धक्का बसावा म्हणून नको. त्या पलटणींनी काय सोसलं ते दुसऱ्या कशाने कळत नाही, म्हणून हवा.

चित्रकाराचा प्रश्न. कल्पनेतून चेहरा काढून घेऊ नका. घरचे सांगतात, "नाक अगदी आमच्या काकांसारखं होतं," आणि चित्रकार काढतोही. दहा वर्षांत ते चित्र मोबाइलवर फिरतं, त्याला हार पडतो आणि कोणीतरी तो खरा फोटो म्हणून पुस्तकात छापतो. घरापुरतं कुणाला हवं असेल तर तो त्यांच्या श्रद्धेचा भाग, मी बोलणार नाही. सार्वजनिक भिंतीवर नको. पण म्हणून चित्रकाराला घरी पाठवू नका. युद्धाच्या काळातही चित्रकारांनी असं काही टिपलं जे कॅमेऱ्याला जमलं नाही. मासिया बिबिकॉफ या रशियन चित्रकर्तीने १९१४ मध्ये मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी फौजेची रेखाटनं केली. चार्ल्स बर्ले याने १९१५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनचा डोम, म्हणजे तेव्हा इस्पितळ केलेली राजवाड्याच्या आवारातली घुमटाची इमारत, रंगवला: झुंबराखाली ओळीने खाटा आणि त्यांवर हिंदी जखमी. दुसऱ्या युद्धात अँथनी ग्रॉसने मध्यपूर्वेत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हिंदी सैनिक काढले. तेही सरकारी नेमणुकीचे किंवा सरकारच्या परवानगीचे होते, पण रेखाटन करणाऱ्याला माणसासमोर बसावं लागतं, आणि ते चित्रात उतरतं.

तुमच्या चित्रकाराला जे नक्की माहीत आहे ते काढू द्या. हर्णै किंवा दाभोळच्या बंदरात लांब उभी आगबोट आणि तिच्याकडे जाणारी होडी. भरतीची माणसं मुंबईला त्याच वाटेने जात. किंवा तुमच्या शाळेतली पाटी वाचणारी आजची मुलं. सावर्ड्याच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना विचारून बघा, अशा कामाला तयार होणारी मुलं तिथे असतात. चित्रावर चित्रकाराचं नाव आणि साल ठळक हवं, म्हणजे शंभर वर्षांनी कोणी त्याला १९१६ चं समजणार नाही.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. फोटो ज्या घरात आहे त्याच घराचं प्रदर्शन होऊ देऊ नका. सुभेदाराच्या घरात फोटो असतो, कारण सुभेदाराला स्टुडिओत जाणं परवडत होतं. खेचरं हाकणाऱ्याच्या आणि स्ट्रेचर उचलणाऱ्याच्या घरात तो नसतो. जे गोल पदक एरवी चांदीचं असतं तेच ब्राँझचं निघालं (पितळी रंगाचं दुसरं पदक वेगळं), तर ते बहुधा अशाच मजूर पथकातल्या माणसाचं असतं, त्याला कमी लेखून बाजूला ठेवू नका. सगळ्या वाड्यांवर जा. बौद्धवाडीत नक्की जा. दापोली कॅम्प एके काळी महार पेन्शनर शिपायांनी भरलेला होता. १८९० च्या दशकात त्यांची भरती सरकारने बंद केली, निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, आणि माणसं कमी पडल्यावर १९१७ मध्ये त्याच सरकारने १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपलं तशी १९२१ पर्यंत ती मोडलीही. मोहल्ल्यातही जा. रत्नागिरी जिल्ह्यातले मुसलमान खलाशी, सारंग, टंडेल दोन्ही युद्धांत जहाजांवर होते आणि पाणतीर लागून बुडाले. ते पलटणीच्या यादीत सापडणार नाहीत. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धातल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे, त्यांची नावं कमिशनच्या यादीतही आहेत. तुमच्या पाटीवरच्या आकड्यात ते धरले आहेत की नाही हे गावात चौकशी केल्यावरच ठरेल. प्रदर्शनात मात्र त्यांना घ्या.

दुसऱ्या महायुद्धाची माणसं सापडली तर वेगळ्या भिंतीवर घ्या. त्या फोटोंखाली नावं मिळण्याची शक्यता जास्त असते आणि घरांतल्या आठवणीही ताज्या असतात. माणगाव जवळ असल्यामुळे सगळे यशवंत घाडगेंकडे वळतील. १० जुलै १९४४ ला इटलीत पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, माणगावला त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारकही झालं. त्यांना जागा द्या, पण अर्धी भिंत देऊ नका. त्यांच्यासाठी पुतळा आहे. तुमच्या गावच्यांसाठी हे एकच प्रदर्शन आहे.

मजकूर छापायला देण्याआधी प्रत्येक फलक त्या त्या घरी नेऊन वाचून दाखवा. जुन्या कागदांत महार शिपायांची काही नावं रामनाक, धर्मनाक अशी येतील. आज त्या कुटुंबाने वेगळं आडनाव घेतलेलं असेल. कागदावरचं नाव तसंच छापायचं, की आजचं, की दोन्ही, हे घरच्यांनी ठरवायचं. ते म्हणतील ते छापा, मूळ कागदाची नक्कल तुमच्या फायलीत राहीलच. यासाठी मेची वाट बघू नका. शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हाच फिरून घ्या, म्हणजे मुंबईच्या घरात पेटीत पडलेली पदकं मेपर्यंत गावी यायला वेळ मिळेल.